बोनस लेव्हल बनवताय? आधी बाहेर यायचा दरवाजा ठरवा

हौशी लोकांनी बनवलेले टू-डी प्लॅटफॉर्मर, म्हणजे बाजूने दिसणारे धावायचे-उड्या मारायचे गेम, मी बरेच खेळतो, काही मित्रांचे, काही गेम जॅममधले (ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायची स्पर्धा), आणि बोनस लेव्हलच्या बाबतीत जवळपास सगळे एकाच जागी घसरतात. आधी एक झकास खोली बनवायची, तिच्यात कॉइनचा सडा घालायचा, मग ती खोली मेन लेव्हलमध्ये कुठेतरी कोंबायची आणि शेवटी रात्री दोन वाजता डोक्यात प्रकाश पडतो की अरे, प्लेअर बाहेर कुठे येणार? मी पण हे केलंय, दोनदा. खोली बनवणं सोपं असतं, घोळ सगळा दारात होतो, म्हणून खाली क्रम उलटा आहे: आधी परत यायची जागा, मग बक्षीस, मग आत जायचा रस्ता आणि खोली त्यानंतर.

उदाहरणं गोडो ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची आहेत कारण मी तेच वापरतो. युनिटीवाल्यांनी नावं बदलून घ्या, भानगडी त्याच आहेत.

## तयारी: हे हातात नसेल तर सुरूच करू नका

मेन लेव्हल सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येईल इतपत तयार पाहिजे. चित्रं नसली तरी चालेल, राखाडी ठोकळे चालतील, पण उडीचे आकडे पक्के हवेत, कारण उडी नंतर बदलली की बोनसची खोली सगळ्यात आधी मोडते.

एका कागदावर, हो कागदावरच, हे लिहून ठेवा. माझ्या गेममध्ये एक मांजर आहे, तिचे आकडे देतो:

- टाईल (ज्या चौकोनी तुकड्यांनी लेव्हल बनते तो एक तुकडा) १६ पिक्सेल, स्क्रीन ३२० बाय १८०, म्हणजे एका स्क्रीनमध्ये आडव्या २० आणि उभ्या ११ टाईल
- धावायचा वेग सेकंदाला १२० पिक्सेल, म्हणजे साडेसात टाईल
- उडीची उंची साडेतीन टाईल
- धावत मारलेल्या उडीची लांबी साधारण साडेपाच टाईल
- हवेतल्या डॅशने, म्हणजे हवेतच मारलेल्या झपकन झेपेने, अजून ३ टाईल

आता या आकड्यांना कात्री लावा. साडेपाच टाईलची उडी असेल तर मेन लेव्हलमध्ये नुसत्या उडीने पार करायचा खड्डा जास्तीत जास्त ५ टाईलचा आणि बोनसमध्ये ४ चा. बोनसमध्ये घड्याळ चालू असतं, माणूस घाईत असतो, काठावरून शेवटच्या क्षणी उडी मारायचं भान त्याला राहत नाही.

तपासा: काठ सोडल्यावरही क्षणभर उडी मारता येणं, ज्याला कोयोटे टाईम म्हणतात, ते तुमच्या गेममध्ये आहे का? सेलेस्ट या प्लॅटफॉर्मरमध्ये ही सूट ०.१ सेकंदाची आहे. नसेल तर आधी ते टाका, बोनस नंतर.

## पायरी १: हा बोनस कशासाठी, एका वाक्यात लिहा

"मजा म्हणून" हे उत्तर बाद. मला चारच कारणं चालताना दिसलीत: काहीतरी जास्तीचं देणं, शॉर्टकट देणं, एखादी मूव्ह बिनधास्त वापरायला मोकळी जागा देणं, किंवा गेमच्या मोठ्या शोधातला एक तुकडा देणं. दोन कारणं एकत्र आली तर चांगलंच. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) मधला पहिल्याच लेव्हलचा पाईप घ्या. आपल्याकडे ज्यांनी तो ९९९९९९-इन-१ वाल्या पिवळ्या कॅसेटवर खेळला त्यांच्या बोटांना अजून माहीत असेल कुठल्या पाईपवर खाली दाबायचं. आत १९ कॉइन, आणि बाहेर निघता ते थेट लेव्हलच्या शेवटाजवळ. एका पाईपात जास्तीची कमाईही झाली आणि शॉर्टकटही.

एक गोष्ट मात्र बोनसला कधीच बांधायची नाही, ती म्हणजे गरजेची गोष्ट. १९९६ च्या पहिल्या क्रॅश बँडिकूटमध्ये गेम सेव्ह करायला तीन टोकन गोळा करून बोनस राऊंड पूर्ण करावा लागायचा, नाहीतर जेम मिळवावा लागायचा. विचार करा, तासभर खेळलात, बोनसमध्ये पडलात, आणि आई सांगतेय टीव्ही बंद कर. पुढच्याच भागात त्यांनी हे काढून टाकलं.

## पायरी २: परत यायची जागा

आता लेव्हलचा नकाशा उघडा आणि प्लेअर जिथे बाहेर येणार तिथे एक खूण करा. खोली अजून बनलेली नाही, बनवायचीही नाही.

तीन पर्याय असतात. पहिला, जिथून गेला तिथेच परत. क्रॅश २ (१९९७) मध्ये असंच आहे, प्रश्नचिन्हाच्या फळीवरून जायचं आणि तिथेच यायचं. हा सगळ्यात सुरक्षित, पहिल्या गेमसाठी हाच घ्या. दुसरा, पुढे बाहेर काढणं, मारिओसारखं. यात मधल्या भागातल्या वस्तू आणि सिक्रेट हुकतात, म्हणून मध्ये चावी किंवा नवी मूव्ह शिकवणारी जागा असेल तर हा पर्याय नकोच. तिसरा म्हणजे मागे नेऊन सोडणं. हे करू नका. केलेलं काम परत करायला लावलं की माणूस त्या बोनसला बक्षीस म्हणत नाही, दुसरं काहीतरी म्हणतो.

जागा ठरली की तिथल्या आजूबाजूच्या ८ टाईल बघा. शत्रूची फेरी तिथून जाते का? हलणारी फळी आहे का, जी प्लेअर येईल तेव्हा नेमकी दुसऱ्या टोकाला असेल? काटे? बाहेर आल्यावर पहिल्या सेकंदाला माणसाचं डोकं अजून बोनसमध्येच असतं, तो धावायचं बटण दाबूनच बाहेर येतो. माझ्या मांजरीच्या समोर ६ टाईलवर खड्डा होता आणि खेळणारा प्रत्येक जण त्यात गेला, कारण आतमध्ये पंधरा सेकंद त्याला "पळ पळ" शिकवलं होतं मीच.

मग एक छोटी यादी बनवा, प्रत्येक गोष्टीपुढे "तशीच राहणार" किंवा "बदलणार" लिहा: हेल्थ, पॉवर-अप, गोळा केलेले कॉइन, मेन लेव्हलचं घड्याळ, मेलेले शत्रू, फुटलेले ठोकळे, शेवटचा चेकपॉइंट (मेल्यावर जिथून परत सुरू होतं ती जागा). मारिओत पाईपात गेलं तरी वरचं घड्याळ चालूच राहतं. सॉनिक २ (१९९२) मध्ये ५० रिंग घेऊन चेकपॉइंटवरून स्पेशल स्टेजला गेलात तर परत येता तेव्हा हातात शून्य रिंग. ती किंमत आहे आणि मुद्दाम ठेवलेली आहे. तुमच्याकडे अशी किंमत असेल तर ती तुम्ही ठरवलेली असावी, कोडमध्ये राहून गेलेली नसावी.

थांबा: चेकपॉइंटच्या आधी बोनस आणि बाहेर आल्यावर लगेच अवघड जागा, असं असेल तर चेकपॉइंट हलवा. बोनस जिंकून दहा सेकंदांत मेला आणि बोनस परत करावा लागला, म्हणजे माणूस गेम बंद करतो.

## पायरी ३: बक्षीस, आणि ते खरंच कामाचं आहे का

इथे पटकन एक हिशोब करा. मारिओत १०० कॉइनला एक लाईफ. म्हणजे १९ कॉइनची खोली साधारण एक पंचमांश लाईफ देते आणि लाईफ संपल्या की गेम संपतो, त्यामुळे त्या कॉइनना वजन आहे. आता तुमच्या गेममध्ये लाईफच नाहीत, मेला की अर्ध्या सेकंदात परत उभा, तर कॉइन कशाला? लोक जुन्या गेममधले कॉइन उचलतात पण त्यामागची टंचाई उचलायची विसरतात.

लाईफ नसतील तर बक्षीस दुसरीकडे जोडा. डाँकी काँग कंट्री २ (१९९५) मध्ये बोनस जिंकला की क्रेमकॉइन मिळतो, असे १५ दिले की लॉस्ट वर्ल्ड या लपलेल्या जगातली एक लेव्हल उघडते, अशा ५ लेव्हल, एकूण ७५ क्रेमकॉइन. म्हणजे प्रत्येक बोनस कुठेतरी पोचवतो. सेलेस्टमध्ये लपवलेली कॅसेट सापडली की त्या चॅप्टरची बी-साईड, म्हणजे त्याचंच जास्त अवघड रूप, उघडते. एकट्याने बनवणाऱ्याला लेव्हलचं दुसरं जग परवडणार नाही, पण १० घंटा गोळा केल्या की मांजरीचा रंग बदलतो एवढंही चालतं, फक्त सुरुवातीलाच कुठेतरी १० रिकाम्या खुंट्या दिसल्या पाहिजेत.

अजून एक: बक्षीस "मिळालं" हे नक्की कधी धरायचं? हात लागला तेव्हा, की बाहेर आल्यावर? सेलेस्टमधली स्ट्रॉबेरी हाताला लागली तरी मोजली जाते ती जमिनीवर सुखरूप टेकल्यावर. दोन्ही बरोबर आहे, पण एकाच गेममध्ये दोन्ही नको. आणि सेव्ह त्याच क्षणी करा. लोक बक्षीस मिळाल्यावर लगेच गेम बंद करतात, मोबाईलवर तर हमखास.

## पायरी ४: आत जायचा रस्ता

लपवायचा मोह आवरा. बोनस लपलेला असतो म्हणजे सापडण्यासाठी लपलेला असतो, लपाछपीत जो इतका लपतो की बाकीचे कंटाळून जेवायला निघून जातात त्यात काय मजा.

नेहमीच्या रस्त्यावरून चालणाऱ्याला "इथे काहीतरी गडबड आहे" एवढं तरी वाटलं पाहिजे. त्यासाठी गेमचीच एखादी सवय मोडा. तुमचे कॉइन नेहमी पाचच्या ओळीत असतील तर इथे एकच ठेवा, तोही भिंतीच्या अगदी कडेला. सगळ्या भिंतींना गवत असेल तर एका भिंतीचं काढा. शत्रू नेहमी फेऱ्या मारत असतील तर एकाला एका जागी उभा करून भिंतीकडे तोंड करवा. गेममधला पहिला बोनस तर जवळजवळ फुकट द्या, दार अर्धं उघडं दिसू दे. पहिल्याने फक्त शिकवायचं असतं की या गेममध्ये अशी दारं असतात, मग दुसऱ्याला एक खूण आणि पुढच्यांना त्याच खुणेची जरा अवघड रूपं.

आता माझी घोडचूक. तिसऱ्या लेव्हलला मी एका खड्ड्याच्या तळाशी बोनसचं दार ठेवलं. मला फार हुशारी वाटली होती. माझ्या भाच्याने तो चुकून शोधला, प्रचंड खूश झाला, आणि मग पुढच्या प्रत्येक खड्ड्यात उडी मारत सुटला. प्रत्येक! मी शेजारी बसून मोजत होतो, चौदा वेळा मेला, वर मला विचारतो, "मामा, इथे का नाहीये?" चूक त्याची कुठे होती, खड्ड्यात बक्षीस असतं हे मीच तर त्याला शिकवलं. तेव्हापासून नियम: मरायच्या जागी दार ठेवायचं असेल तर वर एक खूण असलीच पाहिजे (माझ्याकडे काठावर घंटा लटकते), आणि खूण नसलेल्या खड्ड्यात कधीच काही नसतं.

तेच भिंतींचं. एकाही खुणेशिवाय एक खोटी भिंत ठेवलीत की शहाणा प्लेअर उरलेला सगळा गेम भिंती चाचपत खेळणार.

तपासा: गेमचा आवाज बंद करून दार सापडतं का? रंग काळे-पांढरे करून सापडतं का? खूण एकाच गोष्टीवर टांगलेली नको.

## पायरी ५: आता खोली

एक स्क्रीन, एक क्रिया. पहिल्या दहा बोनसना तरी कॅमेरा हलवू नका. सगळी खोली एका नजरेत दिसली की माणूस एक सेकंद थांबून रस्ता ठरवतो आणि खरा खेळ तोच असतो.

नियम दोन सेकंदांत कळला पाहिजे. डाँकी काँग कंट्री २ आत गेल्या गेल्या सांगतं, टोकन शोधा, तारे गोळा करा किंवा सगळ्यांना संपवा, अशी तीन-चार शब्दांची ऑर्डर. तेवढंच ठेवा. आणि पाटी गेल्यावरच घड्याळ सुरू करा, आधी नाही. पाटी वाचताना वेळ चालू असलेले गेम मी या डोळ्यांनी बघितलेत.

क्रिया मेन लेव्हलमधलीच हवी, मोकळी सोडलेली. डॅश असेल तर डॅशचीच खोली करा. काही जण बोनसमध्ये एकदम नवा खेळ आणतात, स्पेसशिप वगैरे. सॉनिकने पहिल्या भागात फिरणारा चक्रव्यूह दिला, दुसऱ्यात अर्ध्या पाईपातली धाव, पण त्यांच्याकडे टीम होती. आपण एकटे, प्रत्येक नवा खेळ म्हणजे नवा वेग, नवे बग, नवी शिकवणी.

माझी एक खोली जवळून दाखवतो. डावीकडे ४ टाईलची जमीन, तिथे मांजर उभी राहते. मधे जमीन नाही, पण खाली काटेही नाहीत, एक जाळी आहे जी परत वर फेकते, फक्त सेकंदभर वेळ जातो. हवेत दोन फळ्या, जमिनीपासून पहिली ६ टाईलवर आणि तिच्यापासून दुसरी ७ टाईलवर, म्हणजे नुसत्या उडीने पोचता येत नाही, उडी आणि डॅश लागतो, आणि दोन्ही मिळून साडेआठ होतात म्हणून ७ ला पण थोडी सूट उरते. १८ घंटा. पहिल्या ६ सरळ रेषेत, डॅश कुठे मारायचा ते त्या रेषेनेच कळतं. शेवटची घंटा बाहेरच्या दाराच्या अगदी वर, कारण शेवटची वस्तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला राहिली की माणूस मागे पळतो आणि चिडतो.

घड्याळाचा हिशोब असा. स्वतः पाच वेळा खेळा, मस्ती न करता. माझे आले ९.१, ८.४, ८.८, १०.२, ८.६ सेकंद. चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, ८.८. त्याला पावणेदोनने गुणा, १५.४ येतात, म्हणजे १५ सेकंद. पावणेदोन हा माझा अंदाजपंचे आकडा आहे, कुठल्या शास्त्रातला नाही, पण "मला ९ सेकंद लागतात, १० देऊ" असं ठरवणाऱ्यांपेक्षा खूप बरा, कारण ती खोली तुम्ही दोनशे वेळा खेळलेली असते. सेटिंगमध्ये घड्याळ बंद करायचा पर्याय पण द्या, एक चेकबॉक्स टाकायला फार कष्ट नाहीत.

## पायरी ६: हरला तर?

फार लोक हे ठरवतच नाहीत, जे होईल ते होऊ देतात. बोनसमध्ये पडलं तर लाईफ जाऊ नये, क्रॅशमध्ये पण जात नाही. परत प्रयत्न करू देणार की नाही हे मात्र ठरवा. बक्षीस मोठ्या शोधाचा तुकडा असेल तर परत करू द्या, आणि लगेच, लेव्हल पुन्हा सुरू न करता. नुसते कॉइन असतील तर एकदाच दिलं तरी कोणी रडत नाही. प्रवेशाला किंमत लावायची असेल, पहिल्या रेमनमध्ये (१९९५) जादूगाराला १० टिंग (त्या गेममधले कॉइन म्हणा) द्यावे लागतात तशी, तर ती दारातच स्पष्ट दिसू द्या.

अर्धं जमलं त्याचं काय? १८ पैकी १३ घंटा घेतल्या आणि वेळ संपली, तर त्या १३ जणू घेतल्याच नाहीत असं करू नका. मोठं बक्षीस नाही मिळालं, घंटा तरी खिशात राहू देत.

## पायरी ७: कोड, म्हणजे जिथे सगळे अडकतात

पहिला बग प्रत्येकाला येतो, म्हणून आधीच सांगतो. प्लेअर बोनसमधून परत आला, तो दाराच्या एरिया-टू-डीवरच (कोणी आत आलं की ओळखणारा भाग) उभा राहिला, लगेच बॉडी-एंटर्ड सिग्नल, म्हणजे "कोणीतरी आत आलं" ही सूचना, वाजला आणि तो परत आत गेला. बाहेर, आत, बाहेर, आत. उपाय: परत येण्याची जागा दारापासून २ टाईल लांब ठेवा, किंवा प्लेअर एकदा बाहेर सरकेपर्यंत दार बंद ठेवा. मी दोन्ही करतो.

दुसरा: बोनस वेगळा सीन म्हणून बनवला आणि सीन बदलला की गोडो जुना सीन टाकून देतं. परत आलात की मेलेले शत्रू जिवंत आणि उचललेले कॉइन परत जागेवर, म्हणजे बोनसमध्ये जा-ये करून फुकट कॉइन छापायचं मशीनच तयार. दोन रस्ते आहेत. एकतर पायरी २ मधली यादी ऑटोलोडमध्ये (सीन बदलला तरी टिकून राहणारी स्क्रिप्ट) जपून ठेवा, प्रत्येक कॉइनला स्वतःचा आयडी देऊन. नाहीतर बोनसची खोली त्याच सीनमध्ये, मेन लेव्हलच्या बरीच खाली बनवा आणि प्लेअरला नुसता उचलून तिथे ठेवा. छोट्या गेमला मी दुसराच सांगेन. फक्त वरचे शत्रू तेवढ्या वेळापुरते थांबवा, नाहीतर परत येईपर्यंत ते कुठे जाऊन बसतील सांगता येत नाही.

तिसरा, दुसऱ्या रस्त्याला चिकटून येणारा: कॅमेऱ्याचं स्मूदिंग, म्हणजे प्लेअरच्या मागे हळूहळू सरकणं, चालू असेल तर प्लेअरला हलवल्यावर कॅमेरा अख्ख्या लेव्हलवरून सुर्रकन सरकत जातो आणि तुमची सगळी सिक्रेट जगाला दाखवतो. हलवल्याबरोबर कॅमेऱ्याच्या लिमिट खोलीप्रमाणे बदला आणि रीसेट-स्मूदिंग कॉल करा. बाहेर येताना परत तेच, हे निम्मे लोक विसरतात.

चौथा, सिग्नलच्या आतूनच सीन बदलला किंवा कोलिजनवाला नोड (टक्कर ओळखणारी वस्तू) काढला तर गोडो लाल अक्षरात ओरडतं. कॉल-डिफर्ड वापरा, म्हणजे ते काम जरा थांबून, सुरक्षित वेळी होतं.

गाण्याचं थोडक्यात: मेन लेव्हलचं गाणं थांबवू नका, पॉज करा, परत आल्यावर तिथूनच चालू. दर वेळी पहिल्यापासून वाजलं की फार चिडचिड होते.

तपासा: हे सहा प्रकार मुद्दाम करून बघा. आत शिरताना पॉज दाबा. वेळ संपायच्या क्षणी शेवटची घंटा घ्या. वेळ संपायच्या क्षणी दारात शिरा. आत असताना गेम बंद करून उघडा. बोनस जिंकून परत आत जायचा प्रयत्न करा. बाहेर आल्यावर लगेच मरा. माझ्याकडे दुसऱ्यात बक्षीस पण मिळालं आणि "हरलात" अशी पाटी पण आली, कारण दोन्ही एकाच फ्रेममध्ये झालं. जिंकणं-हरणं एकदाच लागू होईल असा एक फ्लॅग ठेवा आणि बरोबरी झाली तर प्लेअरच्या बाजूने द्या.

## पायरी ८: दुसऱ्याच्या हातात द्या आणि तोंड बंद ठेवा

तीन माणसं पुरतात, त्यातला एक तरी प्लॅटफॉर्मर न खेळणारा. तुम्ही मागे बसायचं आणि "तिकडे बघ ना" म्हणायचं नाही, जीभ चावा हवं तर. लिहून काय घ्यायचं: दाराजवळून किती वेळा गेला आणि थांबला का, आत गेल्यावर पहिली हालचाल करायला किती वेळ लागला, किती घंटा घेऊन संपवलं, आणि बाहेर आल्यावर पहिल्या तीन सेकंदांत काय केलं.

हालचालीला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर नियम कळला नाही, पाटी बदला. तिघेही दारापाशी न थांबता गेले तर खूण वाढवा, पण एकच खूण वाढवा आणि नवीन माणसावर बघा, कारण जुन्या तिघांना आता माहीत आहे. तिघेही पहिल्या झटक्यात १८ च्या १८ घेऊन आले तर वेळ कमी करायच्या आधी घंटांची जागा बदला, पाचपैकी चार वेळा तेवढ्यानेच भागतं. आणि बाहेर आल्यावर कोणी मागे वळून दाराकडे परत गेलं, बंद दिसलं तरी दोनदा उडी मारून बघितली, तर ती खोली आहे तशी ठेवा आणि पुढच्या लेव्हलच्या कागदावर परत यायच्या जागेची खूण करायला घ्या.